उकव्यात सापडलेल्या पंधरा पिढ्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे जुने कागद पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाही. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात रक्त सांडलं नव्हतं आणि कोणाला शिक्षाही झाली नव्हती.

तेव्हा मी बालाघाट जिल्ह्यात, उकव्याच्या मँगनीज खाणींचा भाग ज्या ठाण्याखाली येतो तिथला प्रभारी होतो. ठाण्याचं कामकाज सगळं हिंदीत, पण मी लांजीकडचा, घरी मराठी बोलणारा. ठाण्याची लिखापढी सांभाळणारे हवालदार, ज्यांना आम्ही मुन्शीजी म्हणायचो, तेही आमच्याच बाजूचे.

एका सकाळी अकराच्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या एक इंग्रज बाई ठाण्यात आल्या. परदेशी माणूस लॉजवर उतरला की त्याचा फॉर्म आमच्याकडे येतो, त्यामुळे त्या आल्याचं मला माहीत होतं. बाई निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्याच आल्या होत्या. खांद्यावर पुठ्ठ्याची एक लांब नळी होती. मला कामापुरती इंग्रजी येत होती, आणि त्या शाळेत मुलांना सांगावं तसं सावकाश बोलत होत्या.

त्यांची तक्रार अशी. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात खाणीवर इंजिनिअर होते. तापानं आजारी पडले, त्यांना घाईनं आगगाडीनं हलवलं आणि वाटेतच ते वारले. त्यांची ट्रंक मागे राहिली ती खानसाम्याकडे. ट्रंकेत घराण्याचं जुनं बायबल होतं. बाईंनी तीन वर्षं पत्रव्यवहार करून त्या खानसाम्याची नात शोधून काढली. ती अजून उकव्यातच राहत होती, नव्वदीला टेकलेली. दोन दिवसांपूर्वी बाई लॉजच्या पोराला दुभाषा म्हणून घेऊन तिच्या घरी गेल्या आणि पुस्तक डोळ्यांनी पाहिलं. अंधारत आलं होतं, फोटो काढायचा तर फोन बंद पडला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी परत यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या तर आजी म्हणाली, पुस्तक नाही, कोणीतरी नेलं. चार दिवसांनी बाईंना नागपूरहून परतीचं विमान होतं.

"एका पुस्तकासाठी इतक्या लांब आलात?" मी विचारलं.

बाईंनी नळी उघडली. आतला गुंडाळलेला कागद टेबलावर पसरू लागल्या. टेबल पुरेना. मुन्शीजींनी रोजनामचा आणि मालखान्याचं, म्हणजे जप्त मालाचं, रजिस्टर उचलून बाजूला ठेवलं, तरी कागदाचं टोक खाली लोंबत होतं. त्यावर बारीक अक्षरात नावंच नावं होती. खाली त्या स्वतः, वर त्यांचे आईवडील, आणि मग वर, आणखी वर, जवळजवळ पंधरा पिढ्या.

मला वाटलं, कुठल्या तरी राजाच्या वंशातल्या असतील. तसं विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "विणकर, मेंढपाळ, एक लोहार. एकही मोठा माणूस नाही."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी कामं विसरलो. पावणेपाचशे-पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे ट्यूडर नावाच्या घराण्याचं राज्य होतं. त्यातल्या एका राजानं हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चमध्ये एक वही ठेवायची आणि गावातला प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन तिच्यात लिहायचं. त्याच्या मुलीच्या काळात त्या नोंदी चामड्याच्या पानांवर उतरवून घेतल्या, टिकाव्यात म्हणून. म्हणून आज विणकराचाही बाप कोण होता ते सापडतं. आडनाव मात्र पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं. एकाच घराचं आडनाव पाच प्रकारे लिहिलेलं. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही एकाच माणसाचं नाव रेशन कार्डावर एक, मतदार यादीत दुसरं आणि गुन्ह्याच्या कागदात तिसरं असतं.

एका जागी बाईंचं बोट थांबलं. "ही अ‍ॅग्नेस. सकाळी बाप्तिस्मा झाला आणि त्याच दिवशी दफन. एका दिवसाचं आयुष्य. पण कोणीतरी लिहून ठेवलं."

मुन्शीजी माझ्या मागे उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "सायेब, कोनाची पोरगी व्हती?" मी म्हटलं, "विणकराची." ते बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले.

कागदाच्या वरच्या टोकाला साखळी तुटली होती. ट्यूडर राणीच्या शेवटच्या वर्षांत शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच आडनावाचे दोन टॉमस जन्मले होते. बाईंचा पूर्वज त्यातला कोणता, हे कुठल्याच वहीत मिळत नव्हतं. दोघांच्याही वर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. त्या बायबलच्या पहिल्या पानावर एका पूर्वजानं आजोबांकडून ऐकलेली हकीगत लिहिली आहे, एवढं त्यांच्या आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

दुपारी वरून फोन आला. परदेशी बाईंचा मामला आहे, दोन दिवसांत माल मिळाला पाहिजे. घाई झाली की पोलीस जवळचा माणूस धरतो. मीही तेच केलं. बसस्टँडवरच्या एका मुखबिरानं खबर दिली की लांजीचा एक भंगारवाला पुस्तक गेलं त्या सकाळी आजीच्या अंगणात दिसला होता, मोटारसायकलवर पोतं होतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी बाजारातून उचलून आणलं.

सकाळपासून दुपारपर्यंत त्याला बसवून ठेवलं. हात लावला नाही, पण आवाज चढवला. तो एकच सांगत होता.

"सायेब, मी पितळ मागाले गेलतो. म्हातारीनं मले हाकलून देल्लं."

"घरात काय पाहिलंस?"

"घरात कायचा जातो? आंगनात व्हतो. ट्रंक उन्हात उलटी करून ठेवली व्हती, खाली निंबाचा पाला झाडून पडला व्हता. मी म्हटलं, ट्रंक तरी दे. तं मारालेच धावली."

"किती वाजले होते?"

"बैहरची पयली बस जाऊन राह्यली व्हती."

मी लिहिता लिहिता थांबलो. आजीनं चौकशीला गेलेल्या आमच्या शिपायाला सांगितलं होतं की दुपारच्या जेवणापर्यंत पुस्तक ट्रंकेतच होतं. ट्रंक सकाळीच रिकामी होती, तर दोघांपैकी एक खोटं बोलत होता. भंगारवाल्याला ट्रंकेबद्दल खोटं बोलून काही फायदा नव्हता. शिवाय एक गोष्ट मला आधीच खुपत होती. जिची वस्तू गेली, तिनं तक्रार केलीच नव्हती. तक्रार पाहुण्या बाईंची होती.

महिला साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही. महिला शिपाई आणि मुन्शीजींना घेऊन मीच उकव्याला गेलो. खोली स्वच्छ सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात धानाची मातीची कोठी. आजी दारातच बसली होती. मी तिला ट्रंक कुठे असायची ते विचारलं. तिनं न पाहता हात केला. चोरी झालेल्या घरात माणूस रिकाम्या जागेकडे पुन्हा पुन्हा पाहतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. आजीनं ट्रंकेच्या जागेकडे एकदाही पाहिलं नाही. तिची नजर कोठीकडे जायची आणि घाबरून परत यायची.

मी खाली तिच्यासमोर बसलो. "आजी, यंदा कोठीत धान किती आहे?"

ती म्हणाली, "तुमाले समजलं."

"का लपवलंत?"

"पाव्हनी आली, पाहाले देल्लं म्यां. मंग ते म्हने, घरी नेतो. काहून नेते? माह्या बापाचं नाव हाये त्याच्यात. बाप सांगे, सायबानं मी जलमलो त्या दिवशी माहं नाव लिवलं. दुसरीकडं कुठंई नाई लिवलं, सायेब. ना शाळेत, ना कागदात. आमाले कोन लिवनार व्हतं?"

"तुम्ही ते नाव पाहिलं आहे?"

"मले वाचता येते का? कोनालेच नाई आलं त्यातलं वाचता. आमी निस्तं सांभाळलं."

मी जीप पाठवून बाईंना बोलावून घेतलं. आजीनं स्वतः कोठीत हात घालून कापडात बांधलेलं पुस्तक काढलं. विटेसारखं जाड, तीनशे वर्षांचं, आणि एकाही पानाला वाळवी नाही. आजी म्हणाली, तिची आई आणि आजी दर पावसाळ्याआधी ट्रंकेतला निंबाचा पाला बदलायच्या.

बाईंनी पहिलं पान उघडलं. आधी मनात वाचलं, मग माझ्यासाठी मोठ्यानं: माझे आजोबा सांगत की त्यांचे आजोबा टॉमस, जोन नावाच्या विधवेचा मुलगा, वरच्या गावाहून आईबरोबर हातमाग पाठीवर घेऊन डोंगर ओलांडून आले. बस, एवढंच. प्रश्नचिन्ह मिटलं. चर्चच्या वह्यांतल्या दोन टॉमसांपैकी विधवा जोनचा मुलगा एकच होता. ट्यूडरांच्या काळातली एक बाई आपल्या पोराला घेऊन डोंगर ओलांडून आली होती आणि तिची खूण उकव्यात धानाच्या कोठीत निघाली.

आजी मात्र माझ्याकडे पाहत होती. "आन माहा बाप?"

मी बाईंना समजावलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या मधली, काही न छापलेली पानं चाळू लागल्या, जिथे घरातले जन्ममृत्यू लिहिले होते. सगळी इंग्रज नावं. दोनदा पाहिलं. नव्हतं. मी आजीकडे बघायचं टाळलं. नव्वद वर्षांच्या बाईला तिच्या बापाचा शब्द खोटा होता हे कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात बाईंनी पुस्तक पालथं केलं. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या पुसट ओळी होत्या. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी वाचलं आणि मी आजीला मराठीत सांगितलं. "खानसाम्याची मुलगी राही. चार दिवस जगली." आणि खाली, "खानसाम्याचा मुलगा सोमा. पहाटे जन्मला. आवाज खणखणीत."

आजीनं विचारलं, "राही कोन?"

"तुमच्या बापाची मोठी बहीण."

"बापालेई नसन मालूम." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, अक्षर पुसेल म्हणून लगेच उचललं आणि मग बोट हवेतच धरून ठेवलं. मुन्शीजी बाहेर जाऊन उभे राहिले.

कागदोपत्री मला माल तक्रारदाराच्या ताब्यात देऊन मोकळं होता आलं असतं. वरूनही तेच हवं होतं. बाईंनी पुस्तक मिटून आजीसमोर ठेवलं. मग त्या मला म्हणाल्या, "मी हे न्यायलाच आले होते. तिला सांगा, मी नेत नाही." त्यांनी दोन दिवस तिथे बसून हातानं लिहिलेलं पानन् पान उतरवून घेतलं, फोटो काढले. आजी शेजारी बसून त्यांच्यावर पंख्यानं वारा घालत होती. माझ्या रोजनामच्यात नोंद गेली की अपराध घडला नाही, अर्जदाराची तक्रार नाही.

भंगारवाल्याकडे मी स्वतः लांजीला गेलो आणि माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण म्हणाला, "हौ सायेब. पन नेतानी सगळ्या बाजारानं पाह्यलं. तुमी आले ते कोनी नाई पाह्यलं." त्याचं खरं होतं. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी मी वर्दीत त्याच्या दुकानासमोर स्टुलावर बसून चहा घेतला. त्यानं किती भरपाई झाली, ते तोच जाणे.

या प्रकरणानंतर मी ठाण्यात नावं लिहिण्याची पद्धत बदलली. साक्षीदार असो की बेवारस प्रेत ओळखायला आलेली बाई, पूर्ण नाव, आईचं नाव, तो माणूस उच्चारेल तसं लिहायचं. नवे शिपाई वैतागायचे. मी त्यांना म्हणायचो, हा कागद पुढे कोण उघडेल हे आपल्याला माहीत नाही. त्या पाद्र्यालाही माहीत नव्हतं आणि त्या इंजिनिअरलाही नाही. त्यांनी फक्त त्या दिवशीचं काम त्या दिवशी नीट केलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी एक वही आणली आणि आमच्या घराण्याची नावं लिहायला बसलो. पुरुषांची पाच नावं झाली. बायकांची तीन झाली आणि थांबलो. माझ्या पणजोबांच्या आईचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. मोटारसायकल घेऊन लांजीकडच्या गावांत जातो, म्हाताऱ्या बायांजवळ बसतो, विचारतो. ती जागा वहीत अजून कोरी आहे, आणि मी ती तशीच सोडून पुढे लिहीत नाही.