रतनकाकूंच्या सुरीचं म्यान

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावरचे तानाजीकाका बत्तीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत बरण्यांची झाकणं बनवायचे. प्लास्टिकचं मोल्डिंग. कुणाकडे चहाला बसले की आधी साखरेच्या डब्याचं झाकण फिरवून बघायचे. "हवा खातंय हे," म्हणायचे आणि मगच कप उचलायचे.

त्यांची बायको, रतनकाकू, चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत बाजारात फणस फोडून गरे विकतात. सुरी त्यांच्या आईची, गुहागरकडच्या लोहाराने घडवलेली. काळी, हातभर लांब, पात्यावर तीन ठिपक्यांची खूण. आई गेली तेव्हा भावांनी घर घेतलं, काकूंनी सुरी मागून घेतली. ती फडक्यात गुंडाळून पिशवीतून न्यायच्या. गेल्या वर्षी मे महिन्यात पातं फडक्यातून बाहेर आलं आणि बोटाला चार टाके पडले.

"अहो, सगळ्या जगाला झाकणं दिलीत. माझ्या सुरीला एक कव्हर करा की."

"कव्हर नाही गं. म्यान."

"म्यान तर म्यान. पण करा."

काकांनी चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणला, उभा चिरला आणि गॅसवरच्या तव्यावर धरला.

"माझा भाकरीचा तवा!"

"जाळत नाहीये, मऊ करतोय. खिडकी उघड आधी."

मऊ पडलेला पाइप पोळपाटाखाली दाबून सपाट केला. पुन्हा तापवला, करंजी मुडपावी तसा सुरीभोवती मुडपला. खालीवर जुन्या रबरी स्लिपरा ठेवल्या आणि काका त्यावर उभे राहिले.

"रतन, तू पण चढ. वजन कमी पडतंय."

"आज बरी माझ्या वजनाची आठवण झाली!"

भिंतीला हात टेकून दोघं तिथे उभी, हसतायत. दारातून आम्ही बघतोय, आम्हीही हसतोय.

मग कडा कानशीने घासल्या, स्क्रू मारले. सुरी आत गेली की कट्‌ असा आवाज यायचा. काका तो आवाज सगळ्या मजल्याला ऐकवून आले.

पाऊस लागला, शेवटचा फणस फुटला. काकूंनी सुरी धुतली, पुसली आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली. त्यांची आई दर पावसाळ्यात तेल चोपडून सुरी ठेवायची, तशी.

"तेल नको," काका म्हणाले. "फिटिंग बिघडेल."

"मुठीपाशी ओल राहते हो. आई लावायची."

"आईंकडे म्यान होतं का? ह्यात हवासुद्धा शिरणार नाही. ठेव ती बाटली."

काकूंनी बाटलीला बूच लावलं आणि सुरी तशीच म्यानात घातली. "त्यातलं ह्यांना कळतं," मला म्हणाल्या, थोड्या कौतुकानेच.

या चैत्रात सुरी माळ्यावरून खाली आली. काकूंनी ओढली, निघेना. काकांनी ओढली, निघेना. शेवटी गरम पाणी ओतलं, म्यान सैल झालं आणि लाल चिखलासारखं काहीतरी लादीवर सांडलं. मागोमाग सुरी. धारेला बारीक बारीक खाचा पडलेल्या. ठिपक्यांच्या जागी नुसता गंज.

धारवाल्याने ती दगडावर धरली आणि लगेच बाजूला घेतली. म्यान उलटंपालटं करून बघितलं. "काका, खाली भोक नाही ठेवलं? आतलं पाणी जाणार कुठून? पहिल्याच फणसाला मोडेल ही."

भोक! बत्तीस वर्षं ज्या झाकणाला भोक निघालं ते झाकण काकांनी पुन्हा मशीनमध्ये टाकलं होतं.

काकूंनी सुरी परत फडक्यात गुंडाळली. म्हणाल्या, "तुम्ही मनापासून केलं होतंत." नवी स्टीलची सुरी घेतली आणि कामाला लागल्या. काकांनी तिलाही म्यान केलं. त्याच्या टोकाला दोन भोकं आहेत.

"शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं झालं असतं," काका मला जिन्यात म्हणाले. "बाटली तिच्या हातात होती गं. मीच ठेवायला लावली."

हल्ली रविवारी काका खोबरेल घेऊन दाराशी बसतात आणि जुनी सुरी चोपडतात. मूठ, पातं, पुन्हा मूठ. परवा काकू आतून भांडी घासता घासता म्हणाल्या,

"आता लावून काय होणारे हो?"

काका मान वर न करता म्हणाले, "आईंची आहे."

काकूंनी नळ बंद केला, हात पुसत बाहेर आल्या, शेजारी बसल्या. मग बोट ठेवून जागा दाखवली.

"इथे होते ठिपके. इथे जरा हलक्या हाताने लावा."