बारावा बोळा

आमच्या घरमालकीण अक्कांचे थोरले दीर नसते, तर माझी गाडी आज रस्त्यावर नसती आणि बहुतेक मीही सोलापुरात नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझा जीव अजून वरखाली होतो, आणि घाबरलेला माणूस आभार मानायचे हमखास विसरतो. सगळा पूर्वभाग, म्हणजे सोलापुरातली तेलुगू विणकरांची वस्ती, त्यांना जॉबरमामा म्हणतो. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री. माग बंद पडला की कारखान्यात ज्याच्या नावानं हाका सुरू होतात, तो. चाळीस वर्षं मामांनी टॉवेलाचे माग दुरुस्त केले. देवानं त्यांना घडवताना डोळे, जीभ, गुडघे वगैरे हाताला येईल तसं लावून दिलं असावं आणि पेटीतलं सगळं चांगलं सामान एकट्या कानांत घातलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

मामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक धोटा असतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारी ती लाकडी होडी. तिचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टरची नळी परवडली, ती निदान छाती सोडून कुठं लावत नाहीत; मामा धोटा कशालाही लावतात. अक्कांनी नवा मिक्सर आणला तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

"बावगारु, नवा हाय ओ मिक्सर!" अक्का म्हणाल्या. थोरल्या दिरांना त्या तेलुगूतल्या मानानं बावगारु म्हणतात, पण टोमणा मात्र मराठीत मारतात.

"आज हाय. परवा नसंल."

परवा शेंगाची चटणी निम्मी वाटून झाली आणि मिक्सरनं धूर सोडला. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना मामा हातातल्या अक्षता खिशात टाकून मांडवामागं जनरेटरपाशी जाऊन बसले होते. नवरीच्या बापानं ओढून आणलं, तर म्हणाले, "तुमी घाई करा. ह्यो अजून धा मिनिटांचा सोबती हाय." भटजींनी खरोखर दोन कडवी गाळली म्हणे. माणसांशी मामा मराठी बोलतात, यंत्रांशी फक्त तेलुगू. "चेप्पु तल्ली, चेप्पु," म्हणजे सांग बाई, सांग, असं ते इंजिनाला इतक्या मायेनं विचारतात की एखादं लाजाळू इंजिन लगेच रडूनच मोकळं व्हावं. एवढं असून स्वतः मात्र त्यांनी कधी सायकलसुद्धा चालवली नाही. "चालवायला काय, कुणीबी चालवतंय," असं ते माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी ड्रायव्हर आहे.

मी गोंदियाकडचा. आठवी अर्ध्यात सोडली, वायरमनचा कोर्स अर्ध्यात सोडला, ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो सोलापूरला उतरलो आणि एका टॉवेल कारखान्याच्या टेम्पोवर लागलो. वय तिशीला आलं, पण सुरू केलेली एक गोष्ट शेवटाला नेली, असं सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. कारखान्याच्या आवारात लिंबाखाली मालकांची एक जुनी डिझेल हॅचबॅक चार वर्षं उभी होती. तिचा टर्बो जाम झाला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा आणि इंजिनातच जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो असला की लहानशी गाडी चढावर शीळ घालत पळते, नसला की म्हशीसारखी धापते. तिच्याकडं मी रोज बघायचो. शेवटी मालक म्हणाले, "घेऊन जा. पण तिच्या कागदाची मुदत संपत आलीय. त्याच्या आत इंजिन कर, पासिंग कर, तुझ्या नावावर करून घे. मुदत टळलेली गाडी मी माझ्या नावावर ठेवणार न्हाय. मुदतीच्या शुक्रवारपर्यंत झालं न्हाय, तर शनिवारी भंगारवाला येणार."

हा शुक्रवार तेव्हा चार महिने लांब होता. स्वतःची गाडी घेऊन गावी येतो, असं मी आईला फोन करून सांगून टाकलं, आणि आईनं गावाला.

अक्कांच्या घरामागं त्यांची जुनी मागाची शेड आहे. माग विकले गेले. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरलेत. तिथं गाडी ढकलत आणली, त्या दिवशी मामा जिन्यावरून नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धोटा घेऊन खाली आले आणि माझ्या गाडीचे मालक झाले. "ए गोंदिया, धुळीत इंजिन खोलतंय व्हय कोण? तुज्या गावात खोलत्यात का?" मागावर धूळ म्हणजे धागा तुटणं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मामांना धुळीचं भय वाघासारखं. जो पाइप सोडवू त्याच्या तोंडात ते तत्काळ टॉवेलाच्या चिंधीचा बोळा ठोसायचे. प्रत्येक बोळ्याला लाल सुताची वीतभर शेपूट, विणकराच्या बारीक गाठीनं बांधलेली, बाहेर लोंबणारी. आणि प्रत्येक बोळा घालताना मोठ्यानं तेलुगूत मोजायचा, भिंतीवर खडूनं रेघ ओढायची. अकरा भोकं, अकरा बोळे, अकरा रेघा. नटबोल्ट अक्कांच्या चटणीच्या डब्यांत. आजही माझ्या इंजिनातून कडक उन्हात लसणाचा वास येतो असं मला वाटतं. अक्का म्हणतात, तो भास आहे.

मी मनातून फार उतावळा होतो. नवा टर्बो बसवतोच आहोत तर त्याच्या हवेचा दाब जरा वाढवू, असं मला वाटे. तो दाब सांभाळणारा एक दांडा असतो. त्याचा नट मी दोन आटे फिरवायला गेलो, तर मामांनी हातावर धोटा मारला. "अर्धा."

"अर्ध्यानं काय होते, मामा?"

"अर्ध्यानं गाडी पळतीया. दोनानं इंजिन."

अर्धाच फिरवला.

जोडणी पुरी व्हायला शेवटचा रविवार उजाडला. मामांनी बोळे काढले, ओळीनं मांडले, मोजले. "पदकोंडु," म्हणजे अकरा. भिंतीवरच्या अकरा रेघा पुसल्या. नव्या टर्बोत तेल पोचायच्या आत इंजिन पेटलं तर पंखा पहिल्याच मिनिटाला करपतो, म्हणून डिझेल तोडून नुसताच स्टार्टर मारायचा होता. मी किल्ली फिरवत होतो, मामा धोटा कानाला लावून तेलाची वाट ऐकत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आलं तेल." डिझेल जोडलं. इंजिन लागलं! अक्कांनी जिन्यावरून टाळ्या वाजवल्या.

मामांनी वाजवल्या नाहीत. त्यांची मान तिरकी झाली होती.

सोमवारी पीयूसीवाल्यानं नळी घातली आणि रेस करायला सांगितलं. मागं काळाकुट्ट लोट उठला. "मालक, गाडी हाय का वीटभट्टी?" तो म्हणाला. ताकदही नव्हती, पुलाच्या चढावर एका उसाच्या ट्रॅक्टरनं मला मागं टाकलं, आणि ट्रॅक्टरवाला वळून हसला. पासिंगची वेळ शुक्रवार सकाळची. हातात मंगळवार, बुधवार, गुरुवार.

मंगळवारी इंजेक्टर तपासले. ठीक. बुधवारी मामांनी पाइपाच्या प्रत्येक सांध्यापाशी एकेरी सुताचा धागा धरला. हवा कुठं निसटत असेल तर धागा फडफडतो. मी रेस करत होतो, ते वाकून धाग्याकडं बघत होते, आणि धागा सगळीकडं मुकाट लोंबत होता. "गळत न्हाय," ते म्हणाले. "अडतंय. हिचा श्वास अडतोय कुटंतरी."

दोन रात्री मला झोप नव्हती. आईचा सकाळीच फोन येऊन गेला होता, कधी निघतोस म्हणून. तोंडातून निघून गेलं, "मामा, तुमचा एखादा बोळा तर राहिला नाही ना आत?"

मामांनी इंजिन बंद करायची खूण केली. गरम टर्बो लगेच बंद करू नये म्हणून मिनिटभर थांबायचं, हा त्यांचाच नियम. ते मिनिटही ते थांबले. मग भिंतीवरच्या पुसलेल्या रेघांकडं एकदा बघितलं, धोटा खिशात घातला आणि जिना चढून गेले. त्या दिवशी खाली आले नाहीत. अक्का एवढंच म्हणाल्या, "काय बोललास बे त्यांना? जेवले न्हाईत."

गुरुवारी सकाळी एकट्यानं पुढचा बंपर उतरवला. टर्बोकडून येणारा जाड पाइप सोडवून आत बोटं घातली, तर कोपऱ्यात मऊ, तेलकट काहीतरी लागलं. ओढलं. काळा झालेला टॉवेलाचा बोळा, निळ्या काठाचा.

क्षणभर मला हायसं वाटलं. म्हातारा चुकलाच होता! मग मी बोळा उलटासुलटा केला. शेपूट नव्हती. गाठही नव्हती.

आणि मला आठवलं. महिन्यापूर्वी मामा एका बारशाला अक्कलकोटला गेले होते. दुपारी वावटळ आली, फुटक्या पत्र्यातून शेडमध्ये धूळ घुसली आणि मी घाबरलो. मामांचा बोळा मला सैल वाटला. तो काढून आत आणखी एक चिंधी मी अंगठ्यानं खोल दाबली आणि वर त्यांचा पुन्हा लावला. भिंतीवर रेघ ओढायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. त्यांची काळजी त्यांच्यापेक्षा जास्त घ्यायला गेलो, आणि विसरलो.

"सापडला?" जिन्यावरून अक्कांचा आवाज आला. शेजारच्या दोघी बायकाही डोकावल्या. "काय हाय ते? बोळा? बावगारुंचा?"

अक्कांच्या मागून मामा खाली उतरत होते. त्यांनी माझ्या हातातून बोळा घेतला. त्यांची बोटं शेपूट शोधायला चिंधीभर एकदा फिरली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बघू शकलो नाही.

"माझाच हाय," मामा म्हणाले. "बारावा. मोजायला चुकलो."

"अगंबाई! बावगारु चुकले?" अक्का शेजारणींकडं वळल्या. "ऐकलं का ओ? चाळीस वर्षांत पैल्यांदा!" तिघी हसल्या. मी तोंड उघडलं.

"गोंदिया," मामा म्हणाले, "पान्हा दे."

मी पान्हा दिला. दुपारपर्यंत पाइप बसला, बंपर चढला. पीयूसीवाल्यानं नळी घातली, यंत्राकडं बघितलं, पुन्हा घातली आणि म्हणाला, "मालक, हीच का ती?"

शुक्रवारी आरटीओच्या रांगेत मामा माझ्याबरोबर आले होते. मागच्या सीटवर, कारण पुढं बसलं की इंजिनापेक्षा रस्त्याकडंच लक्ष जातं म्हणे. समोर सहा गाड्या होत्या. मी आरशात न बघता म्हणालो, "मामा, तो बोळा माझा होता."

"ठाऊक हाय. शेपूट न्हवती त्याला."

"मग काहून घेतला अंगावर?"

"माजं नाव होऊन गेलंय रे. चाळीस वर्षं झालंय. त्यातलं बोळ्याएवढं गेलं तर काय कमी हुतंय? तुजं अजून व्हायचंय. परगावचा हाय, अर्धवट काम करतोय, असं गल्ली एकदा म्हणली की पुसत न्हाय ते." मग पुढं वाकून म्हणाले, "आता गप. त्या फुडच्या गाडीचा पट्टा सैल हाय, ऐकू दे."

साहेबांनी चॅसीचा नंबर ताडला, दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, गाडी थोडी पळवून बघितली आणि सही केली. एवढंच. चार महिने जीव टांगून आणि शेवटी एवढंच. मी कागद चार वेळा वाचला. तिथून आम्ही विजापूर रस्त्यानं मंद्रूपपर्यंत गेलो. मोकळा रस्ता लागल्यावर मी पाय दाबला, आणि पुढून बारीक, सलग शीळ आली. आरशात मामा डोळे मिटून बसले होते. एवढ्या वर्षांनंतर घरातला माग परत सुरू झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी नंतर विचारलं, कशी आहे? म्हणाले, "बरी हाय." त्यांच्याकडून याहून मोठी पदवी कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

गावी जाऊन आलो. आईला बसवून तळ्यापर्यंत नेलं, ती सगळा वेळ दाराची कडी घट्ट धरून होती. परत आलो तरी इथं अजून तेच चाललंय. मामा काही मोजू लागले की अक्का हसून म्हणतात, "नीट मोजा ओ, बारावा ऱ्हाईल." शेजारच्या बायकाही म्हणतात. मामा हसतात आणि नव्यानं मोजतात. मी तिथं असलो तर मान खाली घालतो.

हे मी इथं लिहिलंय खरं, पण त्यानं काही फिटत नाही. अक्का तेलुगू शाळेत शिकल्या; मराठी फर्डं बोलतात, वाचत नाहीत. शिवाय लिहिणं सोपं आहे, जिन्यासमोर उभं राहणं अवघड. तरी एक नक्की ठरवलंय. आमची गाडी बी जरा बघ, असं म्हणून लोक माझ्याकडं काम घेऊन येऊ लागलेत. एक-दोन वर्षं जातील, या गल्लीत माझं थोडंफार नाव होईल. तेवढं झालं की पहिल्यांदा ते मी जॉबरमामांवर खर्च करणार आहे. भर दुपारी, अक्का आणि त्या दोघी जिन्यावर असताना, मोठ्यानं सांगणार आहे की मामा मोजायला कधीच चुकले नव्हते. त्यांचे अकराच होते.