बाईच्या हातची मोट

बसवंतरावांच्या मळ्यातली मोट ऐन फाल्गुनात फुटली, आणि सगळ्या गावाला तिचं एकच कारण सापडलं: ती बाईनं शिवली होती.

ही बाई म्हणजे कातडं कमावणाऱ्या ढोरांच्या आळीतली कडूबाई. पाथरीकडचं गाव, निजामाचं राज्य. विहिरीतलं पाणी वर काढायचं तर कातड्याच्या मोटेवाचून गती नव्हती. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची, तिची सोंड काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं उसाला जायचं. गावातल्या सगळ्या मोटा कडूबाईचा नवरा भुजंग शिवायचा. त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळायचं, आणि तो हक्क घराण्याचा होता. भुजंग तापानं गेला तेव्हा पदरात एक लहान मुलगी उरली आणि हा हक्क.

आळीतल्या बायकांनी कातडं चुन्यात घालावं, केस खरवडावेत, तरवडाची साल कुटावी, शिवायला कातड्याच्या वाद्या काढाव्यात. पण रापी, म्हणजे कातडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार, बाईनं धरू नये अशी रीत होती. कडूबाईनं ती धरली होती, आणि नवरा जिवंत असतानाच. भुजंगाला शेवटी शेवटी धड दिसत नव्हतं. दाराला कडी घालून कापायची ती आणि बाहेर नाव भुजंगाचं. त्या मोटा गावानं बिनबोभाट वापरल्या. त्यातली एकही फुटली नव्हती. तो गेला, दार उघडं झालं, आणि तेच हात एकाएकी अशुभ ठरले.

तिचं काम कसं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढे सगळा वाद त्यावरच झाला. सालीच्या पाण्यातून कातडं काढलं की ती कडेचा एक तुकडा तिरपा कापून उजेडात धरायची. काप आरपार तांबूस दिसला तर कातडं पिकलं. मधोमध पांढरी रेघ दिसली तर पुन्हा पाण्यात, मग मालक दारात येऊन कितीही ओरडो. मोटेच्या बुडाला पाठीचंच कातडं. पोटाकडचं सैल असतं, पाण्याच्या ओझ्यानं लोंबतं. कापण्याआधी कातडं ओलवून गालाला लावायचं. गार लागलं पण गाल ओला झाला नाही, म्हणजे रापी सरळ चालणार. आरीनं पाडलेलं भोक वादीहून बारीक हवं, नाहीतर तिथूनच पाणी झिरपतं. दोन भोकांत करंगळी मावेल एवढी जागा सोडायची. भोकं दाट पाडली तर शिवण मजबूत दिसते आणि कातडं मात्र त्याच रेषेवर फाटतं. वादी भिजवून ओढायची, वाळताना ती आपणच आवळते. शेवटी कातड्यात थोडी ओल असतानाच करडईचं तेल चोळायचं, आणि वाळवायचं ते सावलीत. मुलगी हे सगळं बघत शेजारी बसायची आणि कडूबाई तिलाही आरी धरायला द्यायची. हातात काही नसलेल्या बाईचं काय होतं ते तिनं आळीत पाहिलं होतं. तिला दुसरी कसली एवढी धास्ती नव्हती.

मोट फुटल्यावर बसवंतरावांनी गंगाखेडहून लिंबाजीला बोलावून घेतलं. लिंबाजी भुजंगाचा चुलतभाऊ, तोही मोटा शिवणारा. हक्क आता त्याच्याकडे द्यायचा असं ठरत आलं होतं. कडूबाईला कुणी विचारलं नाही, नुसता निरोप आला. ती तशीच उठली आणि मळ्यात गेली.

फुटलेली मोट बांधावर फेकलेली होती. तिनं आधी शिवण चाचपली. एकही टाका सुटला नव्हता, भोकांच्या रेषेवर कुठं फाटलं नव्हतं. फाटलं होतं ते बुडात, भलत्याच जागी. आणि तिथलं कातडं आक्रसून, काळवंडून शिंगासारखं टणक झालं होतं. नखानं दाबलं तर नख वाकत होतं. वरच्या काठाला तेच कातडं अजून मऊ होतं. कडूबाई ते दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि तिच्या कानशिलात आग पेटली. सालीवर पिकवलेल्या कातड्याचं असं एकाच गोष्टीनं होतं. कढत पाण्यानं. विहिरीला पाणी गार. मोटेत उकळतं पाणी कुणी ओतलं?

ते तिला मोटकऱ्याला विचारावंही लागलं नाही. नवी मोट दिली त्या दिवशी बसवंतरावांची आई मल्लम्मा ती आधी वाड्यात घेऊन या म्हणाली होती, पूजा करायची आहे म्हणून. पूजा! भुजंगाच्या नावाच्या मोटांची पूजा कधी वाड्यात झाली नव्हती, त्या थेट विहिरीवर जायच्या.

वाड्यासमोर ती पोचली तेव्हा बसवंतराव ओसरीवर होते आणि लिंबाजी पायरीखाली चहा पीत होता. कडूबाईनं मोट अंगणात टाकली.

"भावजी, तुमी ही मोट पायली का?"

पाहिली, असं लिंबाजी म्हणाला.

"हात लावून पायली?"

त्यानं बशी तोंडाला लावली. तेवढ्यानं तिला सगळं कळलं. मल्लम्मानं केलं ते न कळून केलं. पण ह्याचा जन्म कातड्यात गेला होता; भाजलेलं कातडं हा बोटानंच ओळखणार. ओळखूनही गप्प बसला होता. बाईला काही येत नाही असं गाव म्हणत होतं आणि ते त्याच्या पथ्यावर पडत होतं.

बसवंतराव म्हणाले की झालं ते झालं, तालुक्याला तक्रार करायला जायचं तर खुशाल जा. तालुक्याचा अर्ज उर्दूत लिहावा लागतो हे त्यांना माहीत होतं, आणि आळीत उर्दू लिहिणारं कुणी नाही हेही. कडूबाईनं अर्जाचं नावही काढलं नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं त्याच कातड्याची उरलेली पट्टी काढली आणि आतून कढत पाण्याचा तांब्या मागितला. कुणी हललं नाही. शेवटी लिंबाजीच्या चहाचं उरलेलं आधण चुलीवर होतं, ते मोलकरणीनं आणून दिलं. कडूबाईनं पट्टीचं एक टोक त्यात बुडवलं. बघता बघता ते वळलं, आखडलं, बाभळीच्या वाळल्या शेंगेसारखं झालं. तिनं ते दोन बोटांत वाकवलं. ते मोडलं.

अंगणात जमलेले लोक वाकून तो तुकडा बघू लागले. दाराआड मल्लम्मा उभी होती.

"अव्वा, तुमच्या गळ्यात लिंग हाय, माझ्या बी गळ्यात हाय. लिंगवाल्याला इटाळ न्हाई, असं तुमच्याच मठात सांगत्यात. मंग बाईचा हात लागला म्हून मोट कशापायी उकळली?"

मल्लम्मा आत निघून गेली. बसवंतरावांचा चेहरा उतरला, पण आईचं नाव अंगणात कसं घ्यायचं? त्यांनी तोड काढली. शिवायचं काम कडूबाईनंच करावं, हक्क मात्र लिंबाजीच्या नावानं राहावा; गावालाही बरं, तिलाही बरं. लिंबाजीनं मान डोलावली. वैनीला आपण अंतर देणार नाही असंही तो म्हणाला.

कडूबाई हसली, आणि ते हसू बघून लिंबाजीनं बशी खाली ठेवली. पुन्हा दार लावून कापायचं, पुन्हा नाव दुसऱ्याचं! तिनं विचारलं की भावजींच्या कुंडात पिकलेलं कातडं किती आहे. नव्हतंच. कच्चं कातडं चुन्यात घालण्यापासून सुरुवात करायची तर ऊस तोवर जळून जाणार. तिच्या कुंडात पिकलेलं एक होतं. ती म्हणाली की मोट होईल, पण तिच्या नावानं आणि विहिरीवर बसून, सगळ्यांसमोर. बसवंतरावांच्या डोळ्यांपुढे ऊस आला आणि त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला शेजारी घेऊन धावेच्या कडेला लिंबाखाली बसली. गाव बघायला आलं, जसं तमाशाला यावं तसं. एकानं विचारलं, "लुगडं नेसून रापी कशी चालती गं?" तिनं मान वर न करता सांगितलं, "तुझ्या धोतरावानी सुटत न्हाई, म्हून बरी चालती." लोक हसले. तिच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. रापी अंगाकडे न ओढता पुढे ढकलत, डावा हात पात्याच्या मागे ठेवत तिनं बूड कापलं. मग टाका, टाका, टाका. प्रत्येक वादी ती दातओठ खाऊन ओढत होती, जणू कुणाचा तरी गळा आवळायचा आहे.

शिवण वीतभर राहिली तेव्हा तिनं आरी खाली ठेवली. बैल जुंपलेले होते. बसवंतरावांनी विचारलं की थांबलीस कशाला.

"आधीची मोट कशानं फुटली ते हितं बोला. मग बंद करते."

बसवंतरावांनी आवाज चढवला. दुसरी मोट कुठूनही आणीन म्हणाले. ती आरीला हात न लावता बसून राहिली. उसाची पानं पिवळी पडून खाली लोंबत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. लिंबाजीकडे त्यांनी पाहिलं तर तो बैलांची शिंगं न्याहाळत होता.

कुणीतरी वाड्यावर जाऊन सांगितलं होतं; मळ्याच्या वाटेनं मल्लम्मा आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, चालताना धाप लागलेली. तिनं मुलाकडे पाहिलंच नाही.

"मी वतलं," ती म्हणाली. "आधण मी वतलं. तिची शिवण चांगली व्हती."

एवढंच. माफी नाही, दुसरा शब्द नाही. कडूबाईनं तोही मागितला नाही. आरी उचलली, वीतभर शिवण पुरी केली, गाठ मारून वादीचं टोक रापीनं छाटलं. मोटकऱ्यानं कडं अडकवलं, बैल उतरले, मोट खाली गेली आणि भरून वर आली. थारोळ्यात पाणी पडलं, पण बुडातून थेंब गळला नाही.

मल्लम्मानं फडक्यात बांधून गूळ आणला होता. तो तिनं लांबून, वरून टाकायला हात पुढे केला. कडूबाईनं ओंजळ धरली नाही. रापी आपल्या चिंधीत गुंडाळली, मुलीला उठवलं आणि ती आळीकडे चालू लागली.