खिळ्यांचा पट्टा

बायका खुरपायला बसल्या, की तणापरीस गोष्टीच जास्त निघत्यात. आमच्या पिंपळवंडीच्या टोळीत तर बिबट्याच्याच! आमी त्याला वाघच म्हणतो. वाघ वाकलेल्या माणसाची मान धरतो, अन् आमचा तर सारा जलम वाकून! म्हणून बाहेरून खिळं असलेला पट्टा गळ्यात घालूनच रानात जायचं.

*

पहिल्या दिशी पट्टा घालून निघाले, तर वाटंत मेंढरं बसलेली. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात हुबेहूब तसलाच पट्टा! एरवी अंगावर येणारं ते कुत्रं मला बघून शेपूट हलवाया लागलं.

मेंढपाळ हसला, "आजी, त्याला वाटलं, तुमीबी ड्युटीवर!"

*

वाघ उसातच दडतो, म्हणून उसाच्या कडंला एकटीनं जायचं न्हाई, हा आमचा नियम. एकीला लघवीला लागली, की साऱ्या उठायच्या. शांताला लाज वाटायची. आपल्यापायी खोळंबा नको म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची न्हाई. एका दुपारी भोवळ येऊन कांद्याच्या वाफ्यात आडवी! तिला घेऊन निम्म्या बायका दवाखान्यात, अन् मागं राहिलेल्या निम्म्या उसाकडं बघत, जीव मुठीत धरून.

आता शांताच सगळ्यांच्या आधी ओरडते, "चला गं, मीटिंग!"

*

हौसाचं येगळंच. पाणी आधी दुसरीला, अन् खुरपायला बसणार मात्र सवता उसाच्या अंगाला. आपला पट्टा तिनं सुनेला दिलेला.

"माझं काय, झालं माझं जगून," म्हणायची.

तिची उघडी मान मला बघवंना. एक दिशी मी तिच्यासाठी जादा पट्टा नेला. घालीना! मग मी माझाच काढला अन् तिच्याजवळच्या पाटीत टाकला. शांतानं टाकला. साऱ्यांनी टाकलं.

"अगं, मरायचंय का तुमाला?" हौसा किंचाळली.

"तुझं जे व्हईल ते आमचं," मी म्हणाले. "तुला वाघानं नेलं, तर उद्या या रानात पाऊल कोण टाकंल?"

रडत, शिव्या देत तिनं जादा पट्टा गळ्यात बांधला. "झालं समाधान? घाला आता बिगीबिगी!"

तेवढ्यात ऊस हलला. वारा नव्हता. आमचं पट्टं पाटीत, अन् पाटी उसापाशी. कुणाला हलता येईना.

हौसा उठली. पदर खोचला, खुरपं धरलं.

"मान फकस्त माझी झाकलीय," ती म्हणाली. "माझ्या मागं व्हा समद्या."