गुलाबी संघाच्या काकू

काकूंना फुटबॉल कळत नव्हता, आणि कळत नाही याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या लॉन्ड्रीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. कुठला खेळ कसा खेळतात त्यापेक्षा कुठल्या खेळाचे कपडे कसे मळतात, हा त्यांचा प्रांत. धावणाऱ्यांचे मोजे टाचेला विरतात, कुस्तीवाल्यांच्या कपड्यांजवळ श्वास धरून जावं लागतं, आणि फुटबॉलवाल्यांचं तर विचारूच नका. लॉन्ड्रीची खिडकी थेट मैदानावर उघडायची. तिथून एखादी पोर गुडघ्यांवर घसरत गेलेली दिसली की काकू यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडायच्या, "अगं, उभ्यानं खेळता येत नाही का तुला? ती विजार मला धुवायची आहे!"

पोरी हसायच्या आणि पुढच्याच चेंडूला पुन्हा घसरायच्या.

अशा काकू एक दिवस सोळा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाबरोबर परदेशी गेल्या. मोठी स्पर्धा होती, कितीतरी देश आणि कितीतरी खेळ एकाच शहरात. मुलींबरोबर एक तरी मोठी बाई हवीच, असा तिथला नियम. जाणार होत्या त्या डॉक्टरीणबाई ऐन वेळी घरच्याच जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसल्या. आता पासपोर्ट असलेली बाई आणायची कुठून? काकूंकडे होता. लेकीच्या बाळंतपणाला तिच्याकडे जायचं म्हणून काढलेला. मग लेकच इकडे आली आणि पासपोर्ट कपाटात कोरा करकरीत पडून राहिला.

काकूंनी घरी सांगितलं तेव्हा काका एका जुनाट कुलपात डोळा घालून बसले होते. कुलपं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मान वर न करता ते म्हणाले, "तू जाऊन काय करणार तिथं? गोल?"

"तुमच्यासारख्याला इतकी वर्षं सांभाळलं, अठरा पोरी काय जड आहेत मला!" काकू म्हणाल्या आणि पेटी काढायला गेल्या.

पोरी जड नव्हत्याच. एकीला विमानात कानात दडे बसले, दुसरीला घरच्या आठवणीनं रडू फुटलं, तिसरीचा एकच बूट सापडेना. काकूंनी सगळ्यांचं केलं, आणि करता करता तोंडाचा पट्टाही चालू ठेवला. संघात सगळ्यात बुटकी होती ती पुढच्या फळीतली पिटुकली, आणि सगळ्यात उंच ती गोलरक्षक. तिला सगळ्या भिंत म्हणायच्या. पोर बोलायला कमी आणि कामाला वाघ. जेवणाच्या मोठ्या दालनात काकू एकट्या ताट घेऊन बावरल्यासारख्या उभ्या दिसल्या की ती न बोलता शेजारची खुर्ची ओढून द्यायची.

पहिल्याच सामन्यात संघाची पार धूळधाण उडाली. समोरच्या पोरी अशा दांडग्या, की आपल्या पोरी त्यांच्या बगलेखालून निघून जातील असं वाटावं. पाच गोल बसले. पाचव्या गोलानंतर प्रेक्षकांतला कुणीतरी हसला, तो काकूंना एवढ्या लांबून दिसला, आणि त्याच्या तोंडात ओला मोजा कोंबावा असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू खेळाडूंच्या वसाहतीतल्या लॉन्ड्रीत संघाचे पांढरे शर्ट घेऊन गेल्या. चकचकीत खोली, भिंतीत ओळीनं बसवलेली यंत्रं, बटणांवर अक्षर नाही, नुसती चित्रं. काकू त्या चित्रांकडे बघत असतानाच भिंत आत आली. काखेत आदल्या दिवशीचा लाल शर्ट, गोलरक्षकाचा. डोळे सुजलेले.

"काय गं?"

"काही नाही. मदत करू?"

"कर की."

भिंत यंत्रात कपडे भरू लागली आणि मध्येच म्हणाली, "काकू, मला परत जायचंय. घरी."

"सामना आहे ना उद्या?"

"दुसरी उभी राहील. मला तिथं उभंच राहवत नाही. मागं नुसतं जाळं, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे."

काकू तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हातांकडे बघायला हवं होतं. जन्म गेला ज्या कामात, त्यातली पहिली शिकवण ती: बोलणाऱ्याच्या हातांवर लक्ष ठेवा. पण पोरीची हनुवटी थरथरत होती. काकूंनी यंत्राचं दार लावलं, त्यातल्या त्यात ओळखीचं वाटणारं चित्र दाबलं, आणि तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं.

उपदेश काही केला नाही. आपण पहिल्यांदा कामाला लागलो तेव्हा मोठ्या साहेबांचा लोकरी कोट कसा धुतला आणि तो त्यांच्या नातवाला कसा बरोबर बसला, ते सांगितलं. भिंत आधी नुसती ऐकत होती. मग नाकातून हसली. मग पोट धरून.

यंत्र थांबलं. काकूंनी दार उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आत सगळं गुलाबी. तेही धड नाही. कुठे गडद, कुठे फिकट, एकाची बाही पांढरी तर दुसऱ्याची पाठ लालेलाल. आणि त्या ढिगाच्या पोटात भिंतीचा कोरा लाल शर्ट, पहिल्यांदाच पाण्यात पडलेला.

"मी घातला," भिंत कुजबुजली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "मला तो डोळ्यांसमोर नको होता. काही न बघता कोंबला."

"यंत्र कुणी लावलं?"

"तुम्ही."

"मग झालं तर. तू तोंड उघडायचं नाहीस."

संघाच्या मॅनेजरसाहेबांनी तोंड उघडलं ते मात्र बंदच होईना. देशाचा शर्ट! राष्ट्रीय रंग! जगात तोंड दाखवायला जागा राहिली नाही! काकूंनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. "चूक झाली साहेब, माझ्या हातून झाली," एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांचा श्वास संपल्यावर प्रशिक्षक सरांनी खरा पेच सांगितला. समोरचा संघ निळा, आपला दुसरा शर्टही निळाच. म्हणजे उद्या पांढराच घालायला हवा, आणि पांढरा तर उरलाच नाही.

काकूंनी गरम पाणी करून पाहिलं, सोडा घालून पाहिला. रंग ढिम्म हलेना. जास्त खळबळलं तर पाठीवरचे आकडे निघून आले असते. शेवटी त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सर, पांढरं काही होत नाही हे आता. पण निदान एकसारखं करता येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे तो लाल शर्ट पुन्हा आत घालायचा."

सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे. मग म्हणाले, "घाला."

संध्याकाळी दोरीवर सगळे शर्ट ओळीनं लटकले, एकाच सुरेख गुलाबी रंगाचे. सामन्याच्या अधिकाऱ्यानं ते हातात धरून उलटसुलट पाहिले. निळ्यापासून वेगळे दिसतात, गोलरक्षक पिवळा घालणार आहे, आकडे वाचता येतात. त्यानं खांदे उडवले आणि एवढ्या सामन्यापुरती परवानगी दिली. जाता जाता तो हसत होता, असं काकूंचं म्हणणं. मॅनेजरसाहेबांच्या मते तो खोकत होता.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत पोरींनी गुलाबी शर्ट चढवले. जी ती आपल्या शर्टाकडे नव्या सुनेसारखी चोरून बघत होती. भिंत एकदम उभी राहिली.

"काकूंनी नाही केलं. मी केलं. माझा शर्ट मीच आत घातला." आणि मग जे मनात होतं ते बाहेर आलं. "पाच गोलही मीच खाल्ले आणि हेही मीच केलं. बोला काय बोलायचं ते."

मग कोपऱ्यातून पिटुकलीचा बारीक आवाज आला, "तरी मी म्हणत होते, भिंतीला टेकू नका, रंग ओला आहे."

खोलीत अशी खसखस पिकली की दाराबाहेरचा पहारेकरी आत डोकावला. कॅप्टन हसता हसता बाकावरून घसरली. भिंत आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली, आणि काकूंनी तिचं तोंड पुसलं तेही एका गुलाबी बाहीनंच.

खेळल्या त्या दिवशी पोरी. काकूंना डावपेच कळत नव्हते, पण पळणं कळत होतं. आज त्या एकमेकींकडे बघून पळत होत्या. शिट्टी वाजली की काकू पंचाला मनातल्या मनात शिव्या घालत, ती कुणाच्या बाजूनं वाजली हे न बघताच. प्रेक्षकांतल्या शाळकरी मुलांना गुलाबी संघ भलताच आवडला. ती त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडू लागली. मध्यंतराच्या थोडं आधी दोन उंच पोरींच्या मधून पिटुकली कुठून घुसली देव जाणे, आणि चेंडू जाळ्यात. या स्पर्धेत आपल्या मुलींचा हा पहिलाच गोल. मॅनेजरसाहेबांनी काकूंना मिठी मारली, आणि कुणाला मारली हे लक्षात आल्यावर घाईघाईनं चष्मा पुसू लागले.

उत्तरार्धात घात झाला. साधा, घरंगळत आलेला चेंडू भिंतीच्या हातांखालून निसटला. बरोबरी. पोर जमिनीवर पालथी पडून होती. आता ही उठत नाही, असं त्यांना वाटलं. ती उठली. चेंडू जाळ्यातून काढून तिनं लांब फेकला, मोजे वर ओढले आणि आपल्या बचावाच्या पोरींवर एवढ्या जोरात ओरडली की काकूंना ते वर प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत ऐकू आलं. त्यानंतर चेंडूवर चेंडू आले. काही तिनं अडवले, एक खांबानं अडवला, एक कॅप्टनच्या कानाला लागून बाहेर गेला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा एक-एक. पोरी अशा नाचल्या की बघणाऱ्याला वाटावं, यांनी स्पर्धाच जिंकली.

काकूंनी काकांना फोन लावला. काकांनी दुकानात टीव्ही लावला होता, आजूबाजूचे चार दुकानदारही जमले होते.

"बघितलात?"

"बघितलं गं. सुरुवात चांगली होती आपली. मग त्या गुलाबीवाल्या बुटकीनं गोल घातला आणि सगळे हिरमुसलो. पण सोडलं नाही पोरींनी! उतरल्या पुन्हा, आणि केली बरोबरी! मी तर सगळ्यांना चहा पाजला."

"अहो," काकू म्हणाल्या, "निळ्या त्यांच्या होत्या."

पलीकडून नुसता कुलपाचा खटका ऐकू आला.

तिसरा सामना निळ्या शर्टात झाला, आणि तीन गोलांनी गेला. स्पर्धा संपली. एक बरोबरी एवढीच काय ती कमाई, आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी.

काकू पुन्हा आपल्या लॉन्ड्रीत रुजू झाल्या. दोन वर्षांनी पुढच्या स्पर्धेला नव्या पोरी निवडल्या गेल्या, आणि डॉक्टरीणबाई दोन धड पायांवर त्यांच्याबरोबर गेल्या. सामन्याच्या दिवशी इस्त्रीवाल्या बाईनं लॉन्ड्रीत छोटा टीव्ही आणून ठेवला. यंत्रं बंद करून सगळ्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसल्या, तेवढ्यात दारात भिंत. वयानं संघाबाहेर गेलेली, कॉलेजात शिकणारी, एका क्लबसाठी अजून गोल राखणारी. दार तिला आणखीच बुटकं पडत होतं.

"तू इथं कशी?" काकूंनी विचारलं.

"घरी सगळे फार बोलतात सामना चालू असताना. नीट बघूच देत नाहीत."

"मग इथं काय आम्ही मुक्या आहोत?"

"तुमचं चालतं," ती म्हणाली आणि काकूंच्याच गाठोड्यावर, त्यांना ढकलून जागा करत, बसली. सामना सुरू झाला. पडद्यावरच्या नव्या गोलरक्षकानं पहिलाच चेंडू छातीशी धरला आणि भिंतीनं काकूंचा दंड असा आवळला की पुढे दोन दिवस त्यांना इस्त्री उचलवेना.