अडकलेली चुडी

कट् असा आवाज आला आणि मी ओरडले, "हात काढा!"

सरांनी हात काढला. चुडीच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती.

फोनोग्राफला आमच्याकडं चुडीबाजा म्हणायचे. हे तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, आधीचं मशीन. ह्यात तबकडी नसते, मेणाचं पोकळ नळकांडं असतं. बांगडीसारखं चढवायचं, म्हणून ती चुडी. मशीनच्या दांड्यावर ती बसवली की सुई तिच्यावरून फिरते. नांदेडला माझे सासरे ही मशीनं दुरुस्त करायचे. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, बाकीचं त्यांच्या हाताखाली. आता लातूरच्या एका खासगी म्युझियममधली मशीनं सांभाळते. सर त्याचे मालक.

चुडी उदगीरच्या आक्कांची. वय नव्वदीच्या पुढं. त्यांच्या वडिलांनी घरातल्या पाचही लेकरांचे आवाज तिच्यात भरून ठेवले होते. दुसरी प्रत नव्हती. दर वेळी वाजवताना मेण झिजतं. म्हणून एकदाच वाजवायची आणि मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची, असं ठरलं. ते ऐकायलाच आक्का आल्या होत्या.

चुडी उदगीरहून भर उन्हात गाडीतून आली. मी बजावलं होतं, उन्हानं मेण फुगलंय, तासभर टेबलावर निवू द्या. मी सुई आणायला आत गेले, तेवढ्यात सरांनी ती चढवली, दाबून. मग निघेना. त्यांनी एसी सोळावर केला आणि ओढत बसले.

"एसी कशाला लावला?"

"मावशी, बांगडी अडकली की हाताला बर्फ लावतात न्हाई का? दांडा आकसंल, चुडी निघंल."

"हात आकसतो, काच आकसत न्हाई. इथं दांड्यापेक्षा मेणच जास्त आकसतंय. गळा आवळून राहिलात तुम्ही तिचा."

आक्का खुर्चीतून म्हणाल्या, "साबण लाव गं. माझ्या हातातल्या बांगड्या साबणानंच निघतात."

"आक्का, ही मेणाची हाय. पाणी लावायचं न्हाई."

"मग हेअर ड्रायर?" सरांनी विचारलं.

"एका बाजूनं तापली तर दोन तुकडे. एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि गप बसा."

मे महिना होता. खोलीची भट्टी झाली. सर घाम पुसत म्हणाले, "आता ओढून बघू का?"

"बघा. तुटली तर आक्का समोरच बसल्यात, त्यांना तुम्हीच सांगा."

ते बसले.

दोन तासांनी मी चिमटीत कड धरून हलकेच फिरवली. सुटली. पंख्याखाली सगळं जरा निवू दिलं आणि परत चढवली, न दाबता. चावी दिली. मोबाइल चालू केला.

चिरेमुळं दर फेऱ्याला टक् वाजत होतं. तरी एकेक लेकरू नाव सांगताना कळत होतं. शेवटचं बोबडं होतं, "चिवम्मा."

"ती मी," आक्का म्हणाल्या. "परत लाव."

"न्हाई लावणार. मोबाइलवर ऐका, लई वेळा ऐका."

त्यांनी चार वेळा ऐकलं.

चुडी आता काचेच्या कपाटात आहे, चिरेसकट. नाव बांगडीचं असलं तरी वस्तू बांगडी नसते, एवढं सर त्या दिवशी शिकले. तिच्यात पाच भावंडं बोलतात. त्यांतल्या एकट्या आक्का हयात आहेत.