आवाज जुळवणारी नणंद

आमच्या मुलुंडच्या घराचं दार माझ्या नणंदेइतकं मन लावून जगात कुणी उघडलं नसेल. ऑफिसातून येते, किल्ली फिरवते, दार अर्धं ढकलते आणि तशीच थांबते. मग ते ओढून घेते आणि पुन्हा ढकलते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, बिजागरी कुरकुरतेय म्हणून बाईंना त्रास होतोय. मी हौसेनं तेल घातलं. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. "वहिनी, असं कुरकुरायला दाराला वर्षं लागतात गं," एवढंच म्हणाली. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला विचारल्याशिवाय या घरात कशालाही तेल घालायचं नाही."

ती व्हिडिओ गेमचे आवाज बनवते. साकीनाक्याला एका गाळ्यात त्यांची सहा-सात माणसांची कंपनी आहे. खालच्या गाळ्यात दिवसभर पत्रा कापतात. अशा जागी आवाजाचं काम होतं कसं, असं विचारलं की ती म्हणते, "पत्र्यामुळेच तर होतं." बाकीचे लोक आवाज रेकॉर्ड करून गेममध्ये टाकतात, तिच्या मते ती शुद्ध लबाडी. रेकॉर्ड केलेलं दार दर वेळी तेच वाजतं, खरं दार दोनदा सारखं वाजतं का? म्हणून ती आवाज गेम चालू असताना तिथल्या तिथे तयार करते. त्यासाठी तिच्याकडे एक भाषा आहे, जिच्यात लिहायचं फारसं काही नसतं. स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकटी असतात आणि एकीतून दुसरीत तारा ओढायच्या असतात. एक चौकट नुसती फसफसते, दुसरी ती फसफस गाळते, तिसरी कमी-जास्त करते आणि शेवटी बाहेर येतो तो वारा. हे सगळं गेमच्या आत जाऊन बसतं. खेळणारा टेकडीवर चढला की वारा आपोआप वाढतो. मला हे तिनं मी पोळ्या करताना समजावलं. "समजलं ना?" "समजलं," मी म्हणाले. तव्यावरची पोळी करपली होती, आणि नणंद डोळे मिटून तिचं करपणंही ऐकत होती.

एका वर्षी त्यांचा गेम खाडीकाठच्या एका गावाचा होता. हरवलेली बकरी शोधत हिंडायचं, मध्ये होडीनं पलीकडे जायचं. होडीच्या इंजिनासाठी ती मला मार्व्याला घेऊन गेली. मनोरीच्या फेरीबोटीत आम्ही बसलो, पलीकडे पोचलो, उतरलो नाही, परत आलो. चौथ्या खेपेला होडीवाला माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, "ताई, यांना उतरायचंय कुठं?" मी म्हणाले, "इंजिन कसं वाजतं ते बघतायत." त्यानं काळजीनं इंजिनाकडे पाहिलं. "काय बिघडलंय काय?"

एवढी मेहनत करून शेवटी तिचा साहेब, तिच्याहून वयानं लहान, म्हणाला, "यार, तुझ्या चौकटींनी फोन तापतो. दहा मिनिटांत हातात धरवत नाही. काढ सगळं, रेडीमेड आवाज टाकू. सोमवारपर्यंत." ती रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेक चौकट पुसू लागली. चहा गार झाला.

तेवढ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, येऊन तिच्या मागे उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या लाइनी जोडण्यात गेलेली. दोन वर्षांपासून त्यांचं ऐकणं कमी झालं होतं. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात म्हणून ते कपाटात गेलं. हळूहळू त्यांनी बोलणंही सोडलं. कुणी काही विचारलं की नुसते हसून मान हलवायचे.

त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ स्क्रीन पाहिली आणि बोट ठेवलं. "ही लाइन कुठं जाते?"

नणंदेनं पाहिलं. "कुठंच नाही बाबा. राहिलीच."

"मग चालू कशाला ठेवलीस?"

ती चौकट उगाच राबत होती, कुणासाठीच नाही. बाबांनी खुर्ची ओढली. दुपारपर्यंत त्यांनी अशा सतरा लाइनी शोधल्या, आणि प्रत्येक वेळी तिला नोकरीवरच्या पोरासारखं झापलं. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. फोन तापायचा बराच कमी झाला.

मग तिनं हौसेनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला. बाबा ऐकत राहिले. "वारा आहे. होडी आहे. छान."

"आणि चिमण्या?"

"चिमण्या नाहीत यात."

चिमण्या होत्या. बारीक आवाज त्यांच्या कानांतून आधीच निघून गेले होते आणि आम्हाला कुणाला पत्ताही नव्हता. तिनं एका चौकटीतला आकडा बदलला. चिमणीचा आवाज थोडा जाड झाला, खालच्या पट्टीत आला. "आता?" बाबांनी मान हलवली, नाही. आणखी खाली. नाही. मला तर ती घसा बसलेली चिमणी वाटायला लागली. पाचव्यांदा बाबांनी हात वर केला.

"आहे. डावीकडं आहे."

डावीकडंच होती. हेडफोन न काढताच ते म्हणाले, "मला वाटायचं, समोर टॉवर झाला म्हणून गेल्या त्या."

सोमवारी तिनं साहेबाला सगळं दाखवलं. वारा, होडी आणि पक्षी तिचे राहिले, बाकी रेडीमेड. बारीक आवाज खाली आणायची सोय तिनं भांडून ठेवून घेतली. सेटिंगच्या अगदी शेवटच्या पानावर आहे, कुणाला सापडतही नसेल. गेमही फारसा चालला नाही. बाबा मात्र रोज दुपारी तो उघडतात. बकरी त्यांनी आजवर शोधलेली नाही. गेममधल्या आपल्या माणसाला धक्क्यावर नेऊन बसवतात आणि तासभर ऐकत राहतात.

दर दोन-तीन महिन्यांनी नणंद त्यांच्या शेजारी बसते, काहीतरी विचारते आणि आकडा आणखी थोडा खाली आणते. परवा मी तिला विचारलं, "अजून किती खाली नेशील गं?"

"खाली पुष्कळ जागा असते, वहिनी," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ तिनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.